भुवया

पहिल्याच आठवड्यात मी वहीत लिहिलं:
मुलं बोलत नाहीत.
"समजलं का?" विचारलं की एकवीस चेहरे
नुसत्या भुवया उंचावून बघतात,
जणू मीच काहीतरी भलतं विचारलंय.

रात्री गसला सांगितलं.
तो हीटरपाशी बूट सुकवत होता.
पंधरा वर्षं त्यानं न्यूफाउंडलंडला मासे काढले,
इथे पाण्याच्या ट्रकवर लागला.
दारोदारी टाक्या भरायच्या,
नळी गोठायच्या आत गुंडाळायची, पुढचं घर.
कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाकडे बाळ आलंय,
गावाच्या आधी त्याला टाकीवरून कळतं.
म्हणाला, "आमच्यातही कुणी फारसं बोलत नाही."
आमच्यात म्हणजे ट्रकवाल्यांत.
येऊन नऊ दिवस झाले होते.

जहाज वर्षातून एकदा, ऑगस्टात.
मी पीठ मोजलं, साखर मोजली,
दातांचे ब्रश, खडू, टेसचे पुढच्या मापाचे बूट,
सगळं नीट यादीत,
आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या विसरले.

नोव्हेंबरात तीनलाच अंधारून यायला लागलं.
वर्गात माझ्या जोडीला उलायू,
साठीची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
एका दुपारी फळा पुसता पुसता म्हणाली,
"ती केव्हाची हो म्हणताहेत तुला."
"कोण?"
"सगळीच. भुवया वर गेल्या की हो.
नाक मुरडलं की नाही."
मग थोडं थांबून,
"मला वाटलं, तुला माहीत असेल."

वही उघडली.
तोंडी उत्तरे, या रकान्यात
सप्टेंबरपासून माझ्या सुबक अक्षरात शून्यं.
पुतुलिक, जो रोज पहिल्या बाकावर
भुवया कपाळाला टेकवून बसायचा,
त्याच्यापुढे सगळ्यांत जास्त.
खोडायला बसले तर कागद फाटला.

घरी येऊन टेसला विचारलं, तुला ठाऊक होतं?
भुवया वर.
कधीपासून?
हे भुवयांनी सांगता येत नाही,
म्हणून तिनं खांदे उडवले
आणि उलायूच्या नातीकडे पळाली, एक हातमोजा विसरून.

सहावा वाढदिवस जानेवारीत, वादळात.
शाळा बंद, विमान नाही, ट्रकही उभा.
उलायू तरी आली, कोटात गरम पाव घेऊन,
त्यात सहा आगकाड्या खोचल्या.
पहिली पेटवून सहावीशी जाईतो
पहिली विझलेली.
कुणालाच गाणं पुरं करता आलं नाही.
गस इतका हसला की खोकला लागला.
घरी तो असा कधी हसला होता, मी आठवत राहिले.

फ्रिजवर, चुंबकाखाली, शाळेचा कागद होता.
पुढचं वर्ष: होय / नाही. मार्चअखेरपर्यंत.
मी दूध काढताना तो वाचायची.
गस वाचायचा नाही.
आमच्यात त्या कागदावरून एकदाच भांडण झालं,
तेही कुजबुजत, कारण भिंती पातळ
आणि पलीकडे टेस, झोपलेली किंवा नसलेली.

मग रविवारी आईचा फोन.
लाइन आमची नेहमीचीच, शब्द पोचायला दोन श्वास लागतात.
टेस रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून.
बर्फात पाडलेला दात सांगून झाला,
कुत्रीची पिल्लं सांगून झाली,
मग आई माझ्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,
"आणि जूनमध्ये कायमची येणार ना गं आजीकडे?"

मी भांडी धूत होते.
समोरच्या काळ्या काचेत
मला तिचा चेहरा दिसला.
आमच्याकडे नाक मुरडणं उद्धटपणाचं.
हे उद्धट नव्हतं.
हळू होतं, विचार करून दिलेलं,
आजीला वाईट वाटू नये इतकं हळू.

"हॅलो? टेस? हॅलो?
फोन तुटला का गं?"

हात पुसायचे राहिले, साबणाच्याच हातानं
मी रिसीव्हर घेतला.
"नाही, आई," म्हटलं.
"आहे ती. इथेच आहे."